झाकणासकट

"लोणचं घरी घालता की विकतचं आणता?"

भाड्याची जागा बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी आम्ही बिबवेवाडीत आणि आसपास बऱ्याच जागा पाहिल्या होत्या. घरमालक काय काय विचारतात याची चांगली तयारी झाली होती. मांसाहार करता का, पाहुणे किती येतात, मूल कधी होणार, घरी यायला उशीर होतो का. लोणच्यावर मात्र कुणीच आलं नव्हतं. मला वाटलं, नवी सून म्हणून माझी परीक्षा चालली आहे. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "घरीच घालते. सासूबाईंनी शिकवलंय."

मालकांचा चेहरा पडला. "मग अवघड आहे," ते म्हणाले.

"पण जॅम आणतो आम्ही," नवरा घाईघाईने म्हणाला. "आणि कॉफी."

"कॉफी पाकिटातली की बाटलीतली?"

"बाटलीतली."

"हं." त्यांनी नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. "वरच्या दोन खोल्या आहेत. पाणी सकाळी येतं. काचेच्या रिकाम्या बरण्या टाकायच्या नाहीत, भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत. धुऊन खाली आणून द्यायच्या. झाकणासकट."

आतून बाईंचा आवाज आला, "अहो, त्यांना आधी चहा तरी विचारा. बरण्या काय, अजून संसारसुद्धा उघडला नसेल त्यांचा."

त्या काकू. आणि हे काका. त्यांना नावाने हाक मारणारं माणूस मी त्या घरात कधी पाहिलं नाही, तेव्हा इथेही काका-काकूच पुरे.

ही गोष्ट बरीच जुनी. तेव्हा बिबवेवाडी धड गाव नव्हती आणि धड शहरही नव्हती. आमच्या खिडकीतून एका बाजूला ज्वारीचं शेत दिसे आणि दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी बंगल्याच्या सळया. पेठेत राहणारे आमचे नातेवाईक "तिकडे भाजी मिळते का गं?" असं काळजीने विचारत. काकांनी सरकारी कारखान्याच्या भांडारात आयुष्यभर नोकरी केली होती आणि निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून हा बंगला बांधला होता. भांडारातली नोकरी सुटली, भांडार काही सुटलं नाही. तिथे खिळे आणि वायसर होते, इथे बरण्या आल्या, एवढाच फरक.

मला ते "अहो वरच्या!" अशी हाक मारायचे. जिन्याखाली उभं राहून, मान वर करून, खणखणीत आवाजात. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, गृहस्थ देवालाच जाब विचारतायत.

पुण्यात राहून त्यांनी दारावर एकही सूचनेची पाटी लावली नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाटी वाचून माणूस निघून जातो. मग आपण बोलायचं कुणाशी?"

बोलायला त्यांना विषय एकच. जगातल्या सगळ्या बरण्यांच्या त्यांनी दोन जाती केल्या होत्या: रुंद तोंडाच्या आणि अरुंद तोंडाच्या. "जिच्यात हात जात नाही ती बरणी कंजूष," असं त्यांचं मत. अरुंद तोंडाच्या बरण्यांना ते घरात घेत, पण मान देत नसत. त्यांच्या नशिबी फुलझाडाची फांदी, नाहीतर दिवे गेल्यावर मेणबत्ती. रुंद तोंडाच्या बरण्या स्वयंपाकघरात जात. तिथे मटकीला मोड आणायची बरणी वेगळी, तिच्या तोंडाला पातळ फडकं बांधलेलं. विरजणाची बरणी वेगळी. थंडीत काकूंचे गुडघे दुखू लागले की एका जाड बुडाच्या बरणीत गरम पाणी भरून, तिला लोकरी मोजा घालून ती त्यांच्या पायाशी ठेवली जाई. अशा वेळी पाणी ओतण्याआधी आत स्टीलचा चमचा ठेवायचा, म्हणजे काच तडकत नाही, हे मला तिथेच कळलं. आजही माझ्या घरी गरम काही काचेत ओतायचं म्हटलं की मी आधी चमचा शोधते.

माळ्याच्या फळीखाली त्यांनी झाकणं स्क्रूने उलटी ठोकली होती आणि त्या झाकणांत बरण्या फिरवून बसवल्या होत्या. खिळे, बटणं, सुतळी, शिसपेन्सिलींचे तुकडे, सगळं डोक्यावर लटकत असे. बटण हवं असेल तर हात वर करून बरणी फिरवायची, ती हातात उतरे. पहिल्यांदा माझ्या हातात उतरली तेव्हा मी किंचाळले होते. काका खूश झाले. "येताना सगळे ओरडतात," ते म्हणाले. "जाताना सगळे विचारतात, ही युक्ती कशी केली."

आमच्या बाथरूमची एक भिंत त्यांनी गवंड्याशी भांडून बांधून घेतली होती. विटांच्या मध्ये मध्ये बरण्या आडव्या बसवल्या होत्या, बूड बाहेर, झाकण आत. नाही, चुकलं. आधी झाकणं आत होती. मग लक्षात आलं की झाकणातून उजेड येत नाही, म्हणून गवंड्याला पुन्हा बोलावून दोन दोन बरण्या तोंडाला तोंड लावून बसवल्या. गवंडी कात्रजकडचा होता. जाताना काकूंना म्हणाला होता, "आजी, काम कुटं बी करतो मी, पन हितं परत बोलवू नगा." सकाळी ऊन आलं की त्या भिंतीवर उजेडाची गोल गोल बुडं उमटत. एक हिरवट, एक मधाच्या रंगाची, बाकी पांढरी. नवऱ्याला आंघोळीला फार वेळ लागायला लागला तो तेव्हापासून.

बरण्या मिळवण्यासाठी काका कुठवर जातील याचा भरवसा नसे. त्यांचे एक स्नेही आजारी होते. काका रोज संध्याकाळी चालत त्यांना बघायला जात. सगळे म्हणायचे, काय मैत्री आहे! एक दिवस त्या स्नेह्यांच्या घरून निरोप आला: "तुमची शक्तिवर्धक पावडरीची बाटली राखून ठेवली आहे. पण यांना ती पावडर आता आवडेनाशी झाली आहे, तेव्हा उरलेली तुम्हीच येऊन संपवा." काकांनी खरंच जाऊन ती दुधातून घेतली, स्नेह्यांना सोबत म्हणून. तेही मग रोज एक पेला घेऊ लागले, आणि बरे झाले. काका त्याचं श्रेय बाटलीला देत.

काकू या सगळ्याकडे जरा लांबून बघत. त्या ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला कमी आणि बोलल्या की कापून काढणाऱ्या. एकदा मला म्हणाल्या, "माहेरून मी नुसतीच आले गं. बरणीत बसून आले असते तर जास्त कौतुक झालं असतं."

रविवारी सकाळी गच्चीत झाकणांचा कार्यक्रम असे. सगळ्या बरण्या उन्हात मांडायच्या आणि त्यांच्यापुढे झाकणांचा ढीग. काका एकेक झाकण उचलून एकेका बरणीवर फिरवून बघत. बसलं नाही तर जोर करत नसत. हळूच उचलून पुढच्या बरणीवर. काकू कपडे वाळत घालता घालता म्हणत, "पत्रिका बघतायत." लोणच्याच्या झाकणाचा वास जात नसे. त्याला मोहरीची पूड चोळून उन्हात ठेवायचं, तरी गेला नाही तर आणखी एक दिवस उन्हात. "वास म्हणजे आठवण," काका म्हणत. काकू म्हणत, "मग ही आठवण साखरेला नको."

शेजाऱ्यांनी कुंपणाच्या भिंतीवर काचा लावायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा गवंडी आमच्या दारात आला. "काका, तुमच्याकडं काच लय हाय म्हनं. थोडी फोडून द्या." काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडे माणसंही आहेत. तीही देऊ का फोडून?" आणि दार लावून घेतलं.

त्यांचा माझ्यावर राग झाला तो एकदाच. दुधात घालायच्या पावडरीची बाटली त्या सुमाराला काचेची जाऊन प्लॅस्टिकची आली. मला काय कल्पना! मी आपली नेहमीसारखी धुऊन, पुसून, झाकणासकट खाली नेऊन दिली. काकांनी ती हातात घेतली, नखाने टकटक केली आणि कठड्यावर ठेवून दिली. "ही पडली तर आवाज येणार नाही," ते म्हणाले. पुढचे काही दिवस "अहो वरच्या" बंद. शेवटी नवऱ्याने ऑफिसातल्या कुणाकडून तरी मधाची अष्टकोनी बरणी मिळवून आणली, तेव्हा समेट झाला.

एका संध्याकाळी मी भाड्याची पावती घ्यायला खाली गेले होते. काकूंनी काकांना आणि मला चहा दिला. त्या स्वतःचा चहा नेहमी मागाहून, देवापुढे दिवा लावून झाल्यावर घेत. मी पहिला घोट घेतला आणि तोंड कसंनुसं झालं. चहात साखरेऐवजी मीठ होतं, चांगलं दोन चमचे. मी काकांकडे बघितलं. ते पेपर बाजूला ठेवून, शांतपणे, घोट घोट घेत चहा पीत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

"छान झालाय," काका म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीही कप संपवला. वर आल्यावर तांब्याभर पाणी प्यायले आणि नवऱ्याला म्हटलं, "हे दोघं भांडलेत वाटतं. चहात मीठ घालण्यापर्यंत मजल गेलीय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत बरण्यांना दागिने चढू लागले. एकीच्या गळ्यात रबरबँड, दुसरीच्या गळ्यात दोन, तिसरीला जाड सुतळीची गाठ, एकीच्या झाकणावर पॉलिशपेपरचा तुकडा चिकटवलेला. मांडणीच्या फळ्यांना पुढून लाकडी पट्टी ठोकली गेली, बरणी सरकून पडू नये म्हणून. समोरच्या वहिनींनी ते बघितलं आणि गल्लीभर सांगितलं, "आता बरण्यांना बांगड्या भरल्यात. पुढच्या महिन्यात डोहाळजेवण." आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. काकांना विचारलं, तर म्हणाले, "उठून दिसतात." त्यावर आणखी हसलो.

पुढे एकदा सर्दीमुळे मी ऑफिसला न जाता घरी राहिले होते. आल्याचा तुकडा मागायला दुपारी खाली गेले. काका बाहेर गेले होते. स्वयंपाकघर तसं अंधारंच, आणि काकू मांडणीपाशी उभ्या होत्या. मी दाराच्या कडेला, त्यांच्या उजव्या हाताला उभी होते, दोन हातांवर, तरी त्यांना माझा पत्ता नव्हता. त्यांचा हात बरण्यांवरून चालत होता. एका रबरबँडपाशी थांबला, पुढे गेला, दोन रबरबँडपाशी थांबला, तिथून खाली उतरला. सुतळी. त्यांनी सुतळीवाली बरणी उचलली, चिमूटभर मीठ काढून आमटीत टाकलं आणि बरणी परत त्याच जागी ठेवली. एकदाही त्यांनी बरणीकडे पाहिलं नाही.

"काकू," मी म्हटलं.

त्या दचकल्या. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "आलीच आहेस तर बस."

काचबिंदू होता. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्याला बाजूचं दिसत नव्हतं आणि कमी उजेडात तर काहीच धड कळत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर येणार नाही, आहे ती थेंबांनी टिकवायची.

"पण काकांना तुम्ही कधी सांगितलंत?"

"मी कशाला सांगू? मी कुणालाच सांगणार नव्हते. त्या दिवशी तुम्ही तो चहा प्यायलात ना, नंतर मी माझा घेतला तेव्हा कळलं. म्हटलं, हे दोघं प्यायले तरी कसे! मी गप्प बसले. हेही गप्प. सकाळी उठून बघते तर मिठाच्या बरणीला सुतळी. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, झाकण ढिलं आहे." त्यांनी आमटी ढवळली. "मग रोज एकेका बरणीचं झाकण ढिलं होत गेलं. चार दिवसांनी म्हणाले, मला चष्म्याचा नंबर बघायचाय, सोबत चल. तिथे गेल्यावर म्हणतात, आलीच आहेस तर तूही बस खुर्चीत."

त्यांनी टोपलीत चाचपून आल्याचा तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"ह्यांनी जन्मभर काच जमवली," काकू म्हणाल्या, "ती शेवटी माझ्या डोळ्यात येऊन बसली. आणि हे बघ, बाहेर बोलू नकोस. लोक मग हात धरून रस्ता ओलांडून देतात. आपल्याला ओलांडायचा नसला तरी."

मी बोलले नाही. वहिनींनी बांगड्यांचा विनोद पुन्हा केला तेव्हा मात्र मला हसू आलं नाही, आणि वहिनींना वाटलं मी शिष्ट झाले आहे.

काका-काकूंचा मुलगा बंगळूरला नोकरीला होता. एकुलता एक. काकांनी त्याला फोनवर डोळ्यांचं सांगितलं आणि तो आठवड्याच्या आत आला. मुलगा चांगला होता, आईवर त्याचा फार जीव. येताना तो परतीची तीन तिकिटं काढूनच आला होता.

"तिथे मी काय करू?" काकूंनी विचारलं.

"काही करायचं नाही, आई. तेच तर सांगतोय. स्वयंपाकाला बाई आहे. तू गॅसपाशी उभीसुद्धा राहायचं नाहीस."

काकू उठून गॅसपाशी जाऊन उभ्या राहिल्या. काका एरवी बोलायला रस्त्यावरचा माणूस थांबवतील, त्या दिवशी मात्र बोलणं अर्धवट टाकून उठले. ते गच्चीत गेले आणि रविवार नसतानाही झाकणं लावत बसले. मी कपडे आणायला गेले, तर म्हणाले, "त्याचं चुकत नाहीये." थोड्या वेळाने म्हणाले, "तिचंही नाही." आणि हातातलं झाकण बराच वेळ एकाच बरणीवर फिरवत राहिले.

जायच्या आधी दोन दिवस काका काकूंना घेऊन टिळक रोडवरच्या डॉक्टरांकडे गेले, पुढच्या थेंबांचं विचारायला. मुलगा घरी एकटा होता. मी ऑफिसातून परत आले तेव्हा त्यांची रिक्षा नुकतीच दारात थांबत होती. काकूंच्या हातात पिशवी होती, ती मी घेतली आणि आम्ही तिघं बरोबरच आत गेलो.

मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, घामाघूम आणि खूश. "आई, बघ," तो म्हणाला.

मांडणीवर स्टीलचे नवेकोरे डबे होते. सगळे एका मापाचे, एका रांगेत, आरशासारखे चकचकीत. बरणी एकही नव्हती. "एवढी काच आणि तुला दिसत नाही, माझा जीव थाऱ्यावर राहीना. एखादी फुटली, हातात घुसली तर? जाईपर्यंतचे दोन दिवस तरी नीट जावेत. सगळं सामान डब्यात काढलंय. बरण्या भंगारवाल्याला दिल्या, गच्चीतल्या आणि माळ्याखालच्यासुद्धा."

मी काकांकडे पाहिलं. एक प्लॅस्टिकची बाटली आणली म्हणून अबोला धरणारा माणूस! मला वाटलं, आता या घराचं छप्पर उडतं. पण काका मुलाकडे बघतच नव्हते. ते काकूंकडे बघत होते.

काकू मांडणीपाशी गेल्या. चहा करायचा असावा. त्यांचा हात सवयीने दुसऱ्या फळीवर गेला, पहिल्या डब्यावरून फिरला, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून. सगळे गुळगुळीत. त्यांनी एक डबा उघडला, बोट घालून चाखलं. रवा. दुसरा उघडला. पोहे. तिसऱ्याचं झाकण घट्ट बसलं होतं, ते ओढताना डबा हातातून निसटला आणि हरभऱ्याची डाळ ओट्यावरून जमिनीवर गेली. काकू खाली वाकल्या, पण डाळ कुठे सांडलीय ते त्यांना कळेना. त्या कोरड्या फरशीवरून हात फिरवत राहिल्या. मग तिथेच, मांडणीला टेकून, बसल्या.

मुलगा धावला. "आई, राहू दे. मी करतो चहा."

"हे डबे सगळे सारखे आहेत रे," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ह्यातलं कुणी मला काही सांगत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हासुद्धा मला आंधळं झाल्यासारखं वाटलं नव्हतं. आज वाटलं."

मुलाला काही समजेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग काकांनीच त्याला सांगितलं. मिठाला सुतळी, साखरेला दोन रबरबँड, सोड्याला पॉलिशपेपर, चहाची पूड त्या अष्टकोनी बरणीत. एवढंच बोलले, पण इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मुलगा ऐकता ऐकता पांढरा पडत गेला.

"मला वाटलं, बाबा, तुमचं आपलं नेहमीचं..."

"नेहमीचंच होतं," काका म्हणाले. "चल. भंगारवाल्याकडे जाऊन येऊ."

दोघं गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. काच पोत्यात जास्त मावावी म्हणून भंगारवाले ती फोडूनच भरतात. मुलगा पायरीवर बसला आणि डोकं हातात धरून राहिला. काका त्याच्या शेजारी जरा वेळ उभे राहिले. मग मला जिन्याखालून हाक आली.

"अहो वरच्या! काचेच्या बरण्या किती आहेत तुमच्याकडे?"

"रिकामी एकही नाही, काका. सगळ्या तुम्हाला देऊन टाकते ना मी."

"रिकाम्या मागत नाहीये. भरलेल्या."

"पण त्यातलं लोणचं आणि जॅम कशात काढू?"

"माझ्याकडे डबे आहेत," काका म्हणाले. "नवे. पुष्कळ."

त्या संध्याकाळी माझी मांडणी चकचकीत झाली. समोरच्या वहिनींकडे काका स्वतः गेले. तिथे त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, पण वहिनी स्वतः चार बरण्या पदराखाली घेऊन आल्या, घासून, पुसून, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून एकही विनोद न करता परत गेल्या.

मग जमिनीवर सतरंजी टाकून तिघं बसले. मी डाळ वेचत होते. काकू एकेक बरणी हातात घेऊन तिच्या अंगावरून बोटं फिरवत आणि ठरवत.

"ही बुटकी. हिच्यात साखर."

"दोन रबरबँड?" मुलाने विचारलं.

"तीन लाव. दोन असले की एक कधी कधी निसटायचा, तुझ्या बाबांना सांगितलं नव्हतं."

"मग सांगायचं होतं," काका म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे काय सांगितलं होतं?"

मुलगा रबरबँड चढवत होता. "बाबा, हिचं झाकण बसत नाहीये."

"जोर करू नकोस. ते हिचं नाही. हे घे."

सगळं लावून झाल्यावर काकू उठल्या. त्यांनी कुणाला दिवा लावू दिला नाही, कुणाला मदत करू दिली नाही. चौघांचा चहा केला. मग कणीक मळली, बटाट्याची भाजी केली, आमटी केली. नव्या बरण्यांवर त्यांचा हात दोन ठिकाणी अडला, मागे आला, पुन्हा गेला. मुलगा दारात उभा राहून बघत होता. मध्ये एकदा त्याने डोळे घट्ट मिटले आणि मांडणीपाशी जाऊन स्वतः चाचपून पाहिलं. त्याला मोहरीऐवजी जिरं सापडलं. काकूंनी त्याच्या हातातून बरणी घेतली आणि म्हणाल्या, "तुला अजून वेळ लागेल."

मलाही त्यांनी जेवायला थांबवून घेतलं होतं. जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या स्टेशनवर जाऊन येतो."

"कशाला?"

"दोन तिकिटं रद्द करायला."

काका भाताकडे बघत म्हणाले, "आमटी वाढ अजून." कुणाला म्हणाले ते कळलं नाही, पण आम्ही तिघंही एकदम पळीकडे सरसावलो.

पुढे आम्ही तिथे आणखी काही वर्षं राहिलो आणि मग वाघोलीला स्वतःचं घर झालं. मुलगा वर्षातून दोनदा यायचा आणि बंगळूरहून तऱ्हेतऱ्हेच्या बरण्या आणायचा, वाटेत फुटू नयेत म्हणून स्वतःच्या कपड्यांत गुंडाळून. काकूंचे थेंब काका सकाळ-संध्याकाळ स्वतः घालत. त्यात त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही, मुलाला नाही आणि मलाही नाही. काकू बऱ्याच वर्षांपर्यंत स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत होत्या. आता दोघंही नाहीत.

मी शेवटची त्यांच्याकडे गेले, तेव्हा काकूंची नजर अगदी आकसली होती. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसे, तेही एवढंसं. काका त्यांच्या पुढ्यात खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"कशा आहात, काकू?" मी विचारलं.

"बरी आहे. आता फक्त समोरचं दिसतं गं. आधी कसं, आजूबाजूला बघितलं की जरा बरं वाटायचं. आता जेव्हा बघावं तेव्हा हेच."

"मग डोळे मिटून घे," पेपरामागून काका म्हणाले.

"मिटले तरी आवाज येतोच."

मी हसले. काकूही हसल्या आणि हसता हसता त्यांची मान थोडी वळली. त्यांचा चेहरा गोंधळल्यासारखा झाला. काकांनी पेपर खाली ठेवला, उठले, आणि खुर्ची उचलून थोडी डावीकडे ठेवली.

"आता?"

"अजून जरा इकडे."

त्यांनी खुर्ची आणखी वीतभर सरकवली. "आता?"

"हां," काकू म्हणाल्या. "आता आलात."

मग काका बसले.